तिसऱ्या होलचं पाणी

माझा हात लवकर उठतो. हे आमच्या घरातलंच आहे. बाबा जबलपूरला खमरियाच्या फॅक्टरीत बारूद भरायच्या सेक्शनला होते. तिथे दिवसभर जीव मुठीत धरून, आवाज न चढवता काम करायचे आणि घरी आले की सगळं आमच्यावर निघायचं. पट्टा, चप्पल, हाताला येईल ते. मार खाता खाता उलटून बोलणारी मी एकटीच, म्हणून मला जास्त बसायचा. आई म्हणायची, "ही पोरगी बापावर गेली, हिच्या नवऱ्याचं काही खरं नाही." नवरा मी केलाच नाही. त्याऐवजी मला एक सर्व्हे पार्टी मिळाली, साठ-सत्तर माणसांची, आणि तिथे मी बाबांची गादी चालवली.

काम काय होतं ते सांगते. सिहोरा मागे टाकून कटंगीच्या डोंगरांकडे गेलं की जमिनीखाली गाळाचे फार जुने खडक लागतात. चुनखडी, वाळूचा दगड, काळसर शेल. इतके जुने की तेव्हा पृथ्वीवर मासासुद्धा नव्हता. असल्या म्हाताऱ्या खडकात तेल-गॅस कुठला, असं म्हणून वर्षानुवर्षं कोणी तिकडे धड बघितलंच नव्हतं. आमच्या नकाशावर तो सगळा भाग जवळजवळ कोरा होता. पण कुणाच्या विहिरीत बुडबुडे येतात, कुठे बोअरमधून निघणाऱ्या हवेला काडी लावली की भप्कन पेट घेते, असं कानावर यायचं. आमच्या पार्टीला सांगितलं होतं, एक सरळ रेघ धरा, तिच्यावर ठिकठिकाणी जमिनीत स्फोट करा, खालून परत येणारे धक्के टिपा आणि सांगा की गाळ किती खोल आहे, कुठे वाकलाय, गॅस अडकून बसेल अशी जागा आहे की नाही. आमचं उत्तर हो आलं तर तिथे खोल विहीर खणणार होते. नाही आलं तर तो भाग पुन्हा एक पिढी तरी कोरा राहणार होता. आणि उत्तर मी देणार होते. बापा, काय धुंदी चढली होती मला त्याची!

पद्धत साधी होती. एका जागी तीन होल, साठ-साठ फूट खोल, एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर. प्रत्येकाच्या तळाशी बारूदाची नळी आणि डेटोनेटर सोडायचा, वायर वर काढायची, मग माती ठासायची. ब्लास्टर, म्हणजे बारूद उडवायचं लायसन असलेला माणूस, तिन्ही वायरी जोडून लांब जाऊन बसायचा. मी अर्ध्या किलोमीटरवर रेकॉर्डिंगच्या ट्रकमध्ये. वॉकीटॉकीवर 'फायर' म्हटलं की तिन्ही होल एकदम उडायचे आणि शेतात चिखलाचे तीन फवारे उठायचे. मला ते ट्रकमधून दिसायचे नाहीत. मला पडद्यावरच्या रेघा थरथरताना दिसायच्या, बस.

कधी होल उडत नाही. त्याला आम्ही मिस म्हणतो. मिस झाला की अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही, मग वायर तपासायची, पुन्हा प्रयत्न करायचा, आणि नाहीच उडाला तर तशी नोंद करून तो होल निकामी करून घ्यायचा. नियम मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता.

आमचा ब्लास्टर साठीच्या जवळचा होता. बिहारकडचा, बारीक, कमी बोलणारा. आयुष्यभर हेच काम केलेलं. जानेवारीत, शेतात हरभरा फुलावर असताना, एका दिवशी त्याचे लागोपाठ दोन मिस झाले. दोन्ही वेळा त्याने इमानदारीत वॉकीवर सांगितलं, "मिस है, मॅडम।" दोन्ही वेळा अर्धा अर्धा तास सगळी पार्टी हातावर हात ठेवून बसली. गाववाले ट्रकपुढे भांडायला उभे, वरून ऑफिसचा फोन की आज इतकेच शॉट काहून, आणि ऊन उतरून राहिलं होतं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज आला, "मिस है," आणि माझं डोकं फिरलं. ट्रकमधून उतरले, नांगरटीतून चालत गेले आणि त्याच्या तोंडात मारली. एक नाही, दोन. त्याची टोपी पडली. ड्रिलिंगची सगळी माणसं बघत होती. मी म्हटलं, "बारूद बाँधना नहीं आता तो घर जाके बैठो।" तो माझ्या बाबांच्या वयाचा माणूस. त्याने टोपी उचलली, झटकली, "जी मॅडम" म्हणाला आणि पुन्हा वायरीकडे वळला.

त्या दिवसानंतर पूर्ण महिनाभर एक मिस नाही. सगळे शॉट वेळेत. मी ऑफिसात फुशारकी मारली. म्हटलं, पाहिलं? दोन थपडा, अन् मिस बंद. लोक हसले. मीही हसले.

त्याच महिन्यात आमची रेघ एका बाईच्या शेतातून गेली. नवरा सुरतेला कामाला, शेत ती आणि तिचा दीर बघायचे. आमच्या ट्रकांनी तिचा हरभरा तुडवला तेव्हा ती विळा घेऊन धावून आली आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही मागे हटले नाही. पाच मिनिटं आम्ही दोघी बांधावर एकमेकींच्या अंगावर ओरडलो, आणि मग का कोण जाणे, दोघींना हसू आलं. मला ती आवडली. माझ्यासारखीच जळती बाई.

आता आमच्या मुलखातली एक रीत सांगते. सर्व्हेवाल्यांचं मशीन गावात आलं की लोक होलकडे डोळे लावून बसतात. कोणत्या होलातून कोरडी धूळ निघाली, कोणत्यातून ओला गाळ, ते लक्षात ठेवतात आणि आम्ही गेलो की उन्हाळ्यात बरोबर त्याच जागी पाण्याची बोअर मारतात. फुकटात पाणी बघून मिळतं, सोडेल कोण? त्या बाईने मला सरळच विचारलं, "दीदी, आप तो जमीन के अंदर देखती हो। बताओ, पानी कहाँ है?" तिच्या शेतातल्या तीन होलांपैकी तिसऱ्यात चाळीस फुटांवर भरपूर पाणी लागलं होतं. ड्रिलरने वहीत लिहिलं होतं. मी बोट दाखवलं. म्हटलं, "यहीं लगवाना। आँख बंद करके।" तुडवलेल्या हरभऱ्याची भरपाई म्हणून. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मे महिन्यापर्यंत फील्डचं काम संपलं होतं आणि मी जबलपूरच्या ऑफिसात रेघा जुळवत बसले होते. चित्र सुंदर येत होतं. त्या बाईच्या शेताखालीच गाळाचा थर घुमटासारखा वर उचललेला दिसत होता, गॅस अडकून बसावा अशी नेमकी जागा, जिच्यासाठी आम्ही सगळे मरून राहिलो होतो. तिथेच एक दिवस बाईचा फोन आला. आनंदाने ओरडतच होती. "दीदी, कल मशीन आ रही है! वहीं लगवा रहे हैं, जहाँ आपने बताया था!" मी फोन ठेवून समोर स्टोअरमध्ये बसलेल्या लोकांना सांगितलं की बघा, आपल्या तिसऱ्या होलवर बोअर लागतेय, बाईची लॉटरी लागली. ब्लास्टर तिथेच खोकी मोजून देत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जबलपुरातच, गढ्याला आमच्या घरी आला. माझ्याकडे नाही, बाबांकडे. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बाबा खुर्चीच्या टोकावर बसलेले, चेहरा पांढरा, आणि तो समोर जमिनीवर उकिडवा.

"तो तिसरा होल उडलाच नाही," बाबा म्हणाले. "बारूद खालीच आहे. यानं वायर कापून माती टाकली वरून."

मला आधी समजलंच नाही. मग एकदम समजलं. पाणी लागलेला होल. पाण्याने वायरीचा जोड भिजला असणार, म्हणूनच तो उडला नाही. तीनऐवजी दोनच फवारे उठले, ते त्याने बघितले, आणि वॉकीवर सांगितलं, "ओके मॅडम।" दोन होलांच्या धक्क्यांनी माझ्या पडद्यावरच्या रेघा थरथरल्या, थोड्या कमी असतील, मला काय कळणार? आणि त्याच जागेकडे मी त्या बाईला बोट दाखवलं होतं.

मी त्याच्यावर धावले. हात वर गेलेला होता. बाबांनी तो मनगटात धरला. सत्तरीपुढचा माणूस, पण पकड अशी की हाड दुखलं. "काहून गं?" म्हणाले. "अजून एक मिस लपवायला लावतं का त्याले? गाडी काढ आधी. मी तुझ्या ऑफिसात फोन करतो, पोलिसाले सांगतो. नीघ."

बाईचा फोन लागेना. दिराचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी गाडी चालवत होते, ब्लास्टर बाजूला बसून फोन लावत होता, पुन्हा पुन्हा. बोअरचं मशीन म्हणजे हातोड्यासारखं दणादण मारत खाली जातं, आणि एक एक रॉड वीस फुटांचा. तिसरा रॉड संपता संपता साठ फूट. जुना, भिजलेला डेटोनेटर मेलेला असेल किंवा नसेलही. त्याच्यावर ते लोखंड आदळलं आणि तो जिवंत निघाला तर? बोअरच्या तोंडाशी गाव जमलेलं असतं. पहिलं पाणी बघायला लेकरं घेऊन बाया येतात. ती बाई तर सगळ्यात पुढे असणार.

सिहोऱ्याच्या बाजारात ट्रॅक्टर आडवा होता. मी काच खाली करून अशा शिव्या दिल्या की तो माणूस बैलासारखा बाजूला झाला. मग न राहवून विचारलं, "पहले क्यों नहीं बोले? महिना, दो महिना, कभी भी बोल देते!"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आप मारतीं।"

मी गाडी अजून जोरात पळवली.

दुरूनच आवाज आला. मशीन चालू. पांढऱ्या धुळीचा ढग शेतावर, मशीनला झेंडूचा हार, आणि भोवती पन्नासेक माणसं गोल करून. बांधावरून गाडी जाईना, तर आम्ही उतरून धावलो. मी ओरडत होते, "बंद करो! नीचे बारूद है! बंद करो!" पण त्या दणदणाटात माझा मलाच आवाज येत नव्हता. ऑपरेटर वर लिव्हरपाशी कानाला फडकं गुंडाळून बसला होता. रॅकमधले रॉड मोजले. तिसरा आत चालला होता, अर्ध्याच्या पुढे.

बाईने मला पाहिलं आणि हसत हात हलवला. मी मशीनवर चढायला पाय टाकला तसं तिच्या दिराने मागून माझ्या ओढणीला धरून खाली ओढलं. मी पडले. उठून त्याला ढकललं, नखं मारली. त्याने मला कानाखाली अशी दिली की डोळ्यांपुढे काळं आलं. तो तोंडाजवळ येऊन ओरडत होता, ते तेवढं ऐकू आलं. "चना रौंद दिया तब कुछ नहीं! अब पानी निकल रहा है तो रोकने आई? तेल मिल गया क्या नीचे?" त्यांना वाटत होतं की कंपनीला खाली काहीतरी घबाड सापडलंय आणि आता आम्ही जमीन अडवायला आलोय. दोघा-तिघांनी माझे हात धरले. कोणीतरी पाठीत लाथ घातली.

तेव्हा ब्लास्टर पुढे झाला. तो मशीनकडे गेलाच नाही. लोकांच्या मधोमध उभा राहिला, बोअरपासून दोन हातांवर, आणि त्या म्हाताऱ्याने जो आवाज काढला तो मी आयुष्यात विसरणार नाही. हात वर करून, ऑपरेटरकडे बघत, एक एक शब्द फेकत. "इसके नीचे बारूद है! मैंने छोड़ा है! मैंने छुपाया! तुम सब मर जाओगे!"

ऑपरेटरने कानाचं फडकं काढलं. त्याने लिव्हर ओढला. मशीन धडधडत थांबलं. एकाएकी इतकं शांत झालं की धूळ खाली बसताना ऐकू यावी. मग ऑपरेटर उतरला, हातात मोठा पाना घेऊन. "क्या बोला?"

"मेरी गलती है," ब्लास्टर म्हणाला आणि एक पाऊल मागे सरला.

पहिला पाना खांद्यावर बसला. मग दीर, मग बाकीचे. काठी, चप्पल, दगड, नुसत्या मुठी. तो पळाला नाही. तोंड झाकून घेतलं नाही. मागे मागे सरकत राहिला, एक पाऊल, मार, एक पाऊल, मार, आणि प्रत्येक पावलाला तेच. "मेरी गलती है। मैंने छुपाया।" मला वाटलं, याचं डोकं फिरलंय, गप्प बसला तर कमी मारतील. तो बांधापर्यंत गेला, बांध ओलांडून पलीकडच्या महुआच्या झाडापर्यंत. सगळी गर्दी त्याच्या मागे. लेकरं, बाया, सगळे. मी वळून बघितलं तर मशीनपाशी कोणीही नव्हतं. बोअरच्या तोंडाशी एक माणूस उरला नव्हता. त्याने त्या सगळ्यांना स्वतःच्या अंगावर घेऊन तिथून लांब नेलं होतं.

आता मी काय केलं ते लिहिते, कारण ते सांगायलाच हे सगळं मी लिहायला घेतलं आहे.

माझे हात तेव्हा सुटलेले होते. तोंडाला रक्त होतं पण बोलता येत होतं. मशीन बंद होतं, शांतता होती, आणि माझा आवाज अख्ख्या पार्टीला माहीत आहे, त्याला वॉकी लागत नाही. एक वाक्य पुरलं असतं. याने लपवलं कारण मी याला मारलं होतं. मिस सांगितला म्हणून मारलं होतं. चूक माझी आहे. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्याने मार खाता खाता दोनदा माझ्याकडे बघितलं. आणि मी गप्प राहिले. ते माझ्यावर येतील म्हणून मी गप्प राहिले. घाबरले, दुसरं काही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांवर ओरडणारी बाई मी, त्या दिवशी माझ्या घशातून हूं निघाला नाही.

बाई तेवढी मागे फिरली. माझ्याजवळ आली, आपल्या पदराने माझं तोंड पुसलं. "दीदी, आपको पता था?"

"नहीं," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि तरीही तेवढं खोटं मी कधी बोलले नाही.

पोलीस आले तोपर्यंत तो महुआखाली पडलेला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसच्या माणसांनी गाव रिकामं करून तो होल उडवला. बारूद जिवंतच होतं. बोअरचा हातोडा त्याच्यापासून चार हातांवर थांबला होता. बारूदाने त्या शेतात कोणाला खरचटलंही नाही. मोडला तो एकटाच.

त्याला जबलपूरला सरकारी दवाखान्यात ठेवलं. जबडा मोडला होता, तारेने बांधला होता, बोलता येत नव्हतं. डावा डोळा सुजून बंद. दोन दिवसांनी ऑफिसचा एक माणूस तिथेच कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की ब्लास्टरने निष्काळजीपणाने मिस लपवला, त्याचं लायसन रद्द करावं. त्याने कागद वाचला, डाव्या हाताने वाकडी सही केली. मग खाली साहेब म्हणून मी सही केली. घुमटाचं चित्र असलेला माझा अहवाल त्याच आठवड्यात वर गेला. विहीर खणावी, असं मी लिहिलं आहे.

मी निघायला उठले तेवढ्यात त्याच्या उशीखालचा फोन वाजला. पडद्यावर त्याच्या बायकोचं नाव. त्याने फोनकडे बघितलं, स्वतःच्या बांधलेल्या तोंडाकडे बोट केलं आणि फोन माझ्या हातात दिला. मग हाताने खूण केली, तळवा वरून खाली. पडलो म्हणून सांगा.

मी सांगितलं, "मशीन पर से गिर गए थे। अब ठीक हैं। बस बोल नहीं पा रहे।"

ती रडायला लागली. मग सावरून म्हणाली, "आप वो मॅडम हैं ना? जबलपुर वाली? आपकी बहुत बात करते हैं। कहते हैं, मॅडम हमको बाप जैसा मानती हैं। आप वहाँ हैं तो हमको कोई चिंता नहीं।"

तो खाटेवरून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. फोनचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. मी "जी" म्हटलं आणि फोन त्याच्या कानाशी धरून उभी राहिले.